अंगणात पडलेल्या डॉगवूडचं धनुष्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हर्जिनियात राहणाऱ्या एका वाचकाच्या अंगणातलं डॉगवूड, म्हणजे इथलं पांढऱ्या फुलांचं एक झाड, दहा दिवसांपूर्वी, जूनच्या वादळात, उन्मळून पडलं. खोड ५ इंच जाड, त्यातला ६ फूट भाग सरळ. याचं धनुष्य होईल का, किती दिवस वाळवायचं, साल काढायची की ठेवायची, आणि १२ वर्षांच्या मुलीसाठीही एक निघेल का? याआधी त्यांनी दुकानातून आणलेल्या रेड ओकच्या पट्टीचं एक धनुष्य केलं होतं. ते ओढताना फाटलं, म्हणून मनात धास्ती आहे.

होईल. एक नाही, दोन निघतील. पण पुढचं वाचण्याआधी अंगणात जा आणि खोडाची दोन्ही टोकं बघा. मधोमध चांदणीसारख्या चिरा पडायला लागल्या असतील. त्या जिथे संपतात तिथपर्यंतचा तुकडा करवतीने उडवा, आणि ताज्या कापावर लाकडाच्या गोंदाचे दोन जाड हात द्या. गोंद कडेवरून दोन इंच खालीही यायला हवा. मग खोड उचलून गॅरेजमध्ये सावलीला ठेवा. सिमेंटवर नको, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. एवढं करून आलात की निवांत वाचा.

ही घाई अशासाठी, की डॉगवूडची बहुतेक धनुष्यं ओढताना मोडत नाहीत. ती वाळतानाच वाया जातात. गेली २२ वर्षं मी नॉर्थ कॅरोलायनात हे काम करतोय. डॉगवूडचे जेवढे दांडे मी गमावले त्यातले तीन-चारच हातात मोडले, बाकीचे सगळे कोपऱ्यात उभे असताना गेले. पहिला दांडा तर मी लवकर वाळावा म्हणून ऑगस्टमध्ये माळ्यावर टाकला होता. आठवड्याने काढला तेव्हा पाठीवर टोकापासून मुठीपर्यंत चार चिरा होत्या. एकात नख घातलं तर आत जात होतं.

कारण साधं आहे. सागवान आपल्याला माहीत असतं, त्याच्याशी तुलना करून बघा. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसतं. इथलं फुलांचं डॉगवूड सुमारे २० टक्के आकसतं. शिवाय सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने ११ टक्क्यांच्या आसपास आणि गाभ्यापासून सालीकडे ७ टक्क्यांच्या आसपास. गोल खोड अख्खं वाळवलं तर बाहेरचा थर आवळत जातो, आतला ओला गाभा त्याला जागा देत नाही, मग तो फाटतो. म्हणून डॉगवूड गोल ठेवून वाळवायचंच नाही. ओलं असतानाच चिरायचं, धनुष्याच्या जवळपास येईल इतकं तासायचं आणि मग हळूहळू वाळवायचं. ओक किंवा ओसेजचे (हेही धनुष्याचं एक अमेरिकी लाकूड) दांडे लोक वर्ष-दोन वर्षं ठेवून देतात, ती रीत इथे उपयोगाची नाही.

एवढा त्रास घ्यावा असं या लाकडात काय आहे? हे घट्ट, जड आणि चिवट लाकूड आहे. वाळल्यावर घनमीटरला ८०० किलोच्या आसपास भरतं, सागवान साधारण साडेसहाशे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला धोटा सांगावा लागत नाही. इथल्या कापडगिरण्यांचे धोटे अनेक दशकं याच डॉगवूडचे असत, कारण हे लाकूड घासून झिजत नाही, उलट गुळगुळीत होत जातं आणि सुताला अडत नाही. जुने लोक लाकूड फोडायच्या पाचरी आणि मोगऱ्याही याच्याच करत. धनुष्यासाठी या जातकुळीची ख्याती फार जुनी आहे. इ.स.पू. ४८० मध्ये झर्क्सिझच्या फौजेत असलेले लिशियन लोक, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे, याच्याच युरोपीय भावंडाची, कॉर्नेलची धनुष्यं बाळगत असं हेरोडोटसने नोंदवलंय. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या हिममानवाचं, ओत्झीचं, अर्धवट राहिलेलं धनुष्य यू झाडाचं होतं, पण त्याच्या एका बाणाचा पुढचा जोडतुकडा डॉगवूडच्या कुळातला निघाला. ही माणसं लाकूड उगाच निवडत नव्हती.

आता तुमचा दांडा.

खोडाकडे सालीवरून नीट बघा. डॉगवूडची साल चौकोनी खवल्यांची असते, मगरीच्या पाठीसारखी. खवल्यांच्या ओळी सरळ वर जातात की खोडाभोवती वळतात? टोकाजवळची एखादी बारीक चीर कुठे जाते तेही बघा. सहा फुटांत पाव फेऱ्यापर्यंतचा पीळ चालतो. अर्धा फेरा असेल तर पूर्ण लांबीचा नाद सोडा आणि मुलीचं छोटं धनुष्य तेवढं करा. दुसरी गोष्ट गाठींची. डॉगवूडला फांद्या समोरासमोर फुटतात, त्यामुळे गाठी जोडीने येतात. एका बाजूला गाठ दिसली की तिच्या बरोबर पलीकडे हात फिरवा. चिरायची रेघ अशी धरा की दोन्ही अर्ध्यांच्या पाठीवर मधोमध गाठ येणार नाही. कडेला आलेली गाठ तासण्यात निघून जाते.

लोखंडी पाचरींनी फोडा. हे लाकूड सागासारखं खटकन उघडत नाही, तंतू दोन्ही बाजू धरून ठेवतात. पाचर आणखी ठोकत बसू नका, फटीत कुऱ्हाडीचं टोक घालून ते आडवे तंतू कापत पुढे जा. एका जागी जोर लावला की चीर भलतीकडे पळते, आणि दोनातला एक दांडा गेला समजा.

तुमचा ओक का मोडला तेही इथेच सांगतो. दुकानातली पट्टी करवतीने कापलेली असते. करवत सरळ जाते, झाड वाकडं असतं. त्यामुळे पट्टीच्या पाठीवर तंतू मध्येच बाहेर येऊन संपतात. धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे बाणाच्या दिशेची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे तुमच्याकडची बाजू, दाबली जाते. ताणात तंतू संपला की तिथून सालपट उठतं आणि पुढच्याच क्षणी धनुष्य जातं. आता तुमच्याकडे झाडाची स्वतःची पाठ आहे. सालीखालचा पहिला थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतो. तोच धनुष्याची पाठ, त्याला हत्यार लावायचं नाही. ओसेज किंवा ब्लॅक लोकस्टमध्ये बाहेरचं पांढरं लाकूड काढून आतल्या एका वलयापर्यंत पोहोचावं लागतं. डॉगवूडची वलयं इतकी पुसट असतात की ती शोधायला गेलात तर नक्की चुकाल, आणि गरजही नाही. आपल्याकडे बांबूचा तीरकमठा करणारा सालीकडची बाजू राखतो, कारण बांबूचे दाट तंतू सालीलगतच असतात. त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. भिल्लांच्या कमठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्या कामटीचीच असते.

सालीचं उत्तर यातूनच निघतं. जूनमध्ये झाडात रस असतो, ताज्या झाडाची साल केळं सोलावं तशी निघते. दहा दिवसांनंतर निघेलच असं नाही. एका टोकाला अंगठ्याने उचलून बघा. सहज निघाली तर सगळी काढा, पण त्या आधी शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, उघडून ठेवा, कारण साल निघाल्यावर पाठ तासाभरातच आवळायला लागते. पाठीवर लगेच दोन हात द्या. साल चिकटून बसली असेल तर तशीच राहू द्या, तीच पाठीचं पांघरूण होईल. वाळल्यावर बोथट सुरीने खरवडून काढता येते. वेळ जातो, पण धोका नाही. धारदार सुरीने ओरबाडायला जाऊ नका. पाठीवर पडलेला एक ओरखडा म्हणजे पुन्हा तोच ओक.

खोडाची जाडी महत्त्वाची का, हे एका हिशेबावरून कळेल. ५ इंची खोडात पावणेदोन इंच रुंदीवर पाठीचा उंचवटा साधारण ४ मिलिमीटर येतो. अडीच इंची फांदीत तेवढ्याच रुंदीवर तो ९ मिलिमीटर होतो. पाठ जितकी उंच, तितका सगळा ताण मधल्या अरुंद कण्यावर पडतो. तुमचं खोड या कामाला उत्तम आहे. तोडलेल्या फांद्यांतून धनुष्य काढायचा मोह झाला तर त्यांचे बाण करा, त्याला डॉगवूडच्या सरळ काड्या चांगल्या असतात.

आता ओलं तासकाम. माझी अवजारं म्हणजे एक छोटी कुऱ्हाड, ड्रॉ नाइफ, म्हणजे दोन मुठींची अंगाकडे ओढायची सुरी, जाड दात्यांची कानस आणि स्क्रॅपर, म्हणजे खरवडायची पोलादी पट्टी. वाकस चालवायची सवय असेल तर तिने हे काम झपाट्याने होतं. पोटाकडून तासा. मुठीची जागा दोन इंच जाड ठेवा. तिच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, ज्याला मी भुजा म्हणतो, तो सव्वा इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद ठेवा. मधला गाभा यात पूर्ण निघून जायला हवा. मग टू-बाय-फोरवर, म्हणजे बांधकामाच्या सरळ लाकडी वाशावर, दांडा पाठ वर करून ठेवा, दर फुटाला क्लॅम्प लावा. क्लॅम्पखाली चामड्याचा किंवा रबराचा तुकडा घाला, नाहीतर पाठीवर खड्डा पडेल. न बांधता ठेवलेलं डॉगवूड वाकतं आणि पिळतंही.

पहिले दोन आठवडे तळघरात किंवा गॅरेजमध्ये, जिथे ऊन, पंखा, हीटर काही नाही. मग घरात. यानंतर वेळ ठरवायला कॅलेंडर नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. दर रविवारी क्लॅम्प सोडून वजन करा आणि दांड्यावरच पेन्सिलीने लिहा. आधी भराभर उतरेल, मग मंदावेल. लागोपाठ दोन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. इतकं तासलेलं डॉगवूड माझ्याकडे सहा ते आठ आठवडे घेतं. कोकणात पावसाळ्यात दारं फुगून अडकतात आणि मार्चमध्ये फटी पडतात, तोच हा खेळ. ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत लाकडात ९ टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं, ६५ टक्क्यांत १२, ३० टक्क्यांत ६. धनुष्याला ८ ते १० हवं. ओलं राहिलं तर पोट दबून धनुष्य कायमचं वाकतं. फार कोरडं झालं तर पाठ तडकते. जूनमध्ये व्हर्जिनियातल्या गॅरेजची हवा ओली असते, म्हणून शेवटचा टप्पा एसीच्या खोलीतच करा. थंडीत हीटर सुरू झाल्यावर मात्र त्याच खोलीतून दांडा हलवा.

वाळताना चीर पडलीच तर घाबरू नका, तिची दिशा बघा. तंतूंबरोबर लांबीत जाणारी बारीक चीर पातळ सुपरग्लूने भरून घ्या. अशा चिरांसह वर्षानुवर्षं चालणारी धनुष्यं माझ्याकडे आहेत. तिरपी जाऊन कडेला बाहेर पडणारी चीर असेल तर तो दांडा छोटा करा किंवा सोडा.

मापं सांगतो. तुमची ओढ, म्हणजे दोरी मुठीपासून जिथवर मागे खेचता ते अंतर, २८ इंच धरली तर लांबी ६८ इंच. मधली मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांत ती भुजेत उतरत जाते. भुजा अर्ध्यापर्यंत पावणेदोन इंच रुंद, तिथून टोकाला अर्धा इंच. मधली रेघ पट्टी ठेवून आखू नका. तंतू जिकडे जातात तिकडे ती जाऊ द्या. धनुष्य थोडं नागमोडी दिसेल, पण टिकेल. मुलीसाठी लांबी ५४ इंच, रुंदी सव्वा इंच, ओढ २२ इंच, वजन, म्हणजे तिथपर्यंत ओढायला लागणारा जोर, १५ ते २० पौंड. माझं ऐकाल तर आधी तिचंच करा. कमी ओढीच्या धनुष्यात लाकडावर ताण कमी असतो, चूक झाली तरी निभावते, आणि तुमच्या हाताला या लाकडाची ओळख होते.

यापुढचं काम म्हणजे टिलरिंग, दोन्ही भुजा सारख्या वाकवून घेणं. लोक इथे सगळ्यात जास्त घाई करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी १० टक्क्यांनी घटवली तर ताठपणा १० टक्के जातो. जाडी १० टक्क्यांनी घटवली तर २७ टक्के जातो. अर्धा इंच जाड भुजेत १० टक्के म्हणजे सव्वा मिलिमीटर. कानशीचे पाच-सात जास्तीचे हात, आणि ४० पौंडांचं धनुष्य ३० वर येतं. त्यामुळे भुजा वाकायला लागली की कानस बाजूला, फक्त स्क्रॅपर.

सुरुवात जमिनीवर करा. टोक जमिनीला टेकवा, मुठीवर वजन द्या आणि भुजा किती वाकते ते बघा. दोन्ही सारख्या वाटल्या की टोकांना गोल कानशीने खाचा पाडा, फक्त कडांना, पाठीवर नाही. धनुष्याहून दोन-तीन इंच लांब दोरी लावा. मूठ भिंतीतल्या आधारावर ठेवा, दोरीला दुसरी दोरी कप्पीतून बांधून लांब उभे राहून ओढा आणि मागून बघा. तुम्हाला एक गोलसर कमान दिसायला हवी. कुठे सपाट राहिलं तर तिथे लाकूड जास्त आहे. कुठे कोपरा होऊन वाकतंय तर तिथे कमी आहे, त्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही, तिच्या आजूबाजूचंच काढायचं. पेन्सिलीने जाड जागा रेघोट्यांनी भरा, रेघोट्या निघेपर्यंत खरवडा, थांबा. मग आणखी पुढे ओढण्याआधी आधीच्याच अंतरापर्यंत ३० वेळा ओढून सावकाश सैल करा. लाकूड खरवडल्याचं लगेच सांगत नाही, या ३० ओढींत सांगतं.

एक नियम मी मोडत नाही. दोरी ओढताना तिला अडकवलेल्या काट्यावर ठरलेलं वजन दिसलं की तिथून पुढे ओढायचं नाही, ते १५ इंचांवर दिसलं तरी. तुम्हाला ४० पौंड हवेत आणि १५ इंचांवरच ४० आले, तर खरवडा, सारखं करा, मग १६. असं इंचाइंचाने २८ पर्यंत जायचं. पूर्ण लांबीची दोरी चढवली की मुठीपासून दोरीचं अंतर आधी ३ इंच, शेवटी साडेपाच-सहा. खालची भुजा वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवा, कारण बाण मुठीच्या वरून जातो आणि बोटांची ओढ मध्याच्या वर पडते.

मध्येमध्ये पोटावर टॉर्च आडवा धरा. केसासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तिथे पोट चुरतंय. ती जागा फार वाकतेय, शेजारचा भाग वाकायला मदत करत नाहीये. लवकर दिसलं तर शेजारचं खरवडून वाचतं. दोरी काढल्यावर भुजा एक-दीड इंच वाकलेल्या राहिल्या तर हरकत नाही, तीन इंच राहिल्या तर एकतर लाकूड ओलं होतं किंवा तुम्ही घाई केलीत.

शेवटचं काम सोपं आहे. कडा गोल करा, बारीक पॉलिश पेपर मारा, जवसाच्या तेलाचे चार-पाच पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याची, घ्या, न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक दोऱ्या लाकडाला हिसका देतात. बाण न लावता दोरी कधी सोडू नका, आणि काम झाल्यावर दोरी उतरवून ठेवा.

तुमचं झाड वादळाने पाडलं, म्हणून हे सगळं निर्धास्त सांगितलं. व्हर्जिनियाने डॉगवूडला १९१८ मध्ये राज्यफूल आणि १९५६ मध्ये राज्यवृक्ष केलं, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत दिसलेल्या अँथ्रॅक्नोज नावाच्या बुरशीजन्य रोगाने इथल्या डोंगरातली ही झाडं फार मोठ्या संख्येने मारली. एप्रिलमध्ये मोठ्या झाडांच्या सावलीत पांढरीशुभ्र उजळलेली ही झाडं आता पूर्वीइतकी दिसत नाहीत. त्यामुळे उभं जिवंत झाड धनुष्यासाठी मी तोडत नाही. आणि रोगाने उभ्या उभ्या मेलेलं झाडही घेत नाही, त्याचं बाहेरचं लाकूड बहुतेक वेळा कुजायला लागलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. तुमच्या दांड्यावर नखाने दाबून बघा. नख रुतलं किंवा काळपट-पांढरे डाग दिसले तर थांबा.

मुलीच्या धनुष्याबाबत एक राहिलं. ती वाढेल, हात लांब होतील आणि ओढ २२ वरून २४ होईल. तिच्या बाणांवर २२ इंचांवर रंगीत धागा गुंडाळा आणि तो मुठीपाशी आला की थांबायचं हे तिला पहिल्याच दिवशी दाखवा. वर्षाने धागा पुढे सरकवायची वेळ आली की धनुष्य पुन्हा भिंतीवरच्या आधारावर चढवा, स्क्रॅपर घ्या, आणि एक-एक इंच पुढे न्या. त्यासाठी भुजा आत्ताच थोड्या जाड ठेवा, १५ ऐवजी २० पौंडांवर थांबा.